श्रीहरिकोट्याचे ‘निर्जन’ बेट आणि आपला कॅम्प

प्रक्षेपणाची तारीख जाहीर झाली की अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगर येथील तरुण वाचकांचे जवळपास एकाच आशयाचे संदेश येऊ लागतात. श्रीहरिकोट्याला जावे कसे? आत प्रवेश मिळतो का? आणि एवढ्या लांब जायचेच तर समुद्रकिनाराही पाहून होईल का? आज त्यांना उत्तर देतो आणि त्या निमित्ताने माझीच एक जुनी चूक दुरुस्त करतो. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

आधी प्रवासाचे. कल्याणला पुणे-सोलापूरमार्गे चेन्नईकडे जाणारी गाडी धरावी. आपल्या रोजच्या कर्जत लोकलच्याच मार्गाने ती अंबरनाथ, बदलापूर ओलांडून घाट चढते. १८७१ साली मुंबईकडून आलेली जी.आय.पी. रेल्वे आणि मद्रासकडून आलेली मद्रास रेल्वे रायचूरला एकमेकींना मिळाल्या, तेव्हापासून हा मार्ग सलग आहे. (इतिहासाच्या विद्यार्थ्याने निदान रायचूर स्थानकात तरी जागे राहावे.) चेन्नईहून गुडूरच्या दिशेने जाणाऱ्या गाडीने सुल्लुरुपेटा गाठावे. तेथून पुलिकत सरोवराच्या पाण्यातून बांधून काढलेल्या रस्त्याने बेटावर जाता येते.

प्रेक्षकांसाठी बांधलेली दीर्घा २०१९ पासून खुली आहे. नोंदणी ‘इस्रो’च्या संकेतस्थळावर आगाऊ करावी लागते आणि मोठ्या मोहिमेच्या वेळी जागा फार लवकर भरतात. ओळखपत्र जवळ हवे. समुद्रकिनाऱ्याचे म्हणाल, तर प्रक्षेपण केंद्राचा किनारा पर्यटकांसाठी नाही. किनाऱ्यावर बसून रॉकेट पाहण्याचे चित्र मनात असेल, तर ते घरीच ठेवून निघावे.

मी स्वतः त्या दीर्घेत बसलो आहे. क्षितिजावर आधी नुसता उजेड होतो. आवाज काही सेकंदांनी येतो, आणि आला की तो कानांपेक्षा छातीत अधिक जाणवतो. हजारो माणसे एकाच वेळी उभी राहतात. त्या क्षणी डोळ्यांत पाणी आले हे कबूल करण्यात मला संकोच वाटत नाही.

गर्दी पांगत असताना शेजारचा एक तरुण भ्रमणध्वनीवर चित्रफीत करीत होता. तो म्हणाला, “हे बेट पूर्वी पूर्ण निर्जन होते. इथे कोणीच राहत नव्हते, म्हणून तर ही जागा निवडली.” त्याला दुरुस्त करायला मी तोंड उघडले आणि थांबलो. कारण काही वर्षांपूर्वी याच विषयावरच्या माझ्या धाग्यात ‘निर्जन बेट’ हेच दोन शब्द होते. अनेकांनी तो धागा पुढे पाठविला होता. कदाचित त्यानेही तो वाचला असेल.

आजचे लेखन त्या दोन शब्दांविषयी आहे. रॉकेट उडविण्यासाठी किनारा मोकळा लागतो, हे खरे. परंतु तो आधीपासून मोकळा होता, असे इतिहासकाराने न तपासता लिहू नये. विशेषतः उल्हासनगर-अंबरनाथच्या इतिहासकाराने तर नाहीच. का, ते पुढे येईल.

किनाराच का, हे थोडक्यात सांगून टाकतो. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. विषुववृत्ताच्या जवळून पूर्वेकडे यान सोडले की या गतीचा फायदा फुकटात मिळतो; श्रीहरिकोट्याच्या अक्षांशावर तो सेकंदाला सुमारे साडेचारशे मीटर आहे. उड्डाण फसले किंवा जळून संपलेले टप्पे गळून पडले, तरी खाली बंगालचा उपसागर असतो. म्हणून पूर्व किनारा आणि म्हणून आजूबाजूला वस्ती नको. येथवर भौतिकशास्त्र आहे. ‘वस्ती नको’ या गरजेचे ‘वस्ती नव्हती’ या विधानात रूपांतर कसे होते, तेथे आपले काम सुरू होते.

आता त्या बेटाकडे. पुलिकत हे चिलिकानंतरचे भारतातील सर्वांत मोठे खारे सरोवर. श्रीहरिकोटा म्हणजे हे सरोवर आणि समुद्र यांच्यामधली लांबट भूपट्टी. सरोवराच्या दक्षिण टोकाला पुलिकत गाव आहे आणि तेथे १६१३ साली डचांनी गेल्ड्रिया हा किल्ला उभारला. कोरोमंडल किनाऱ्यावरील डच व्यापाराचे ते मुख्य ठाणे होते. येथून रंगीत कापड बटाव्हियाकडे जाई. माणसेही जात, गुलाम म्हणून. आणि याच गावात डच कंपनीचा दारूगोळ्याची दारू तयार करण्याचा कारखाना होता. तिची दारू कंपनीच्या पूर्वेकडील अनेक ठाण्यांना पुरविली जाई.

म्हणजे या सरोवराच्या काठी स्फोटक मिश्रणे घोटण्याचे काम चारशे वर्षांपूर्वीही चालत होते. आज त्याच सरोवराच्या दुसऱ्या बाजूला घन इंधनाचे प्रचंड ठोकळे ओतले जातात. दोन्हींत थेट नाते आहे असे मी म्हणत नाही. पण ज्या भूभागात सतराव्या शतकात जागतिक व्यापाराचे ठाणे होते, त्याला कोणी ‘काहीच नव्हते’ म्हणू लागले की मला हसू येते. (आपल्याकडे पेशवेकालीन कागदपत्रांत रॉकेटला नुसते ‘बाण’ म्हणत आणि ते उडविणारा तो बाणदार. ‘अग्निबाण’ हा आपला शब्द त्याच कुळातला. यावर स्वतंत्र धागा करू.)

खुद्द बेटावर राहत होते ते प्रामुख्याने यानादी. आज ही आंध्र प्रदेशातील एक प्रमुख अनुसूचित जमात आहे. आपले नाव ‘अनादि’ या शब्दावरून आले, म्हणजे ज्यांच्या आरंभाची नोंद नाही ते लोक, अशी एक व्युत्पत्ती सांगितली जाते. ती भाषाशास्त्रात टिकेल की नाही हा प्रश्न वेगळा. एडगर थर्स्टन याने १९०९ साली दक्षिण भारतातील जाती-जमातींवर जे बहुखंडी संकलन प्रसिद्ध केले, त्यात यानादींवर मोठे टिपण आहे. त्या काळच्या साहेबी नजरेचे सगळे दोष त्यात आहेत. तरीही मध, रिठे, चिंच, कापड रंगविण्याची मुळे असा रानमेवा गोळा करणारी, सरोवरात मासेमारी करणारी, औषधी वनस्पतींची जाण असणारी माणसे त्या पानांतून स्पष्ट दिसतात.

एकोणिसाव्या शतकात मद्रास सरकारने हे बेट ताब्यात घेतले. कारण सरळ होते. मद्रास शहराला सरपण हवे होते आणि श्रीहरिकोट्याचे रान जवळ होते. पुढे सरोवराच्या बाजूने गेलेल्या बकिंगहॅम कालव्यातून लाकडाच्या नावा शहराकडे जात. म्हणजे यानादींच्या रानावर परक्या गरजेचा शिक्का बसण्याची ही पहिली वेळ. रॉकेट हे दुसरे कारण.

दुसऱ्या वेळेची कथा आपल्या कोल्हापूरपर्यंत येते. विक्रम साराभाईंचे निकटचे सहकारी एकनाथ वसंत चिटणीस मूळचे कोल्हापूरचे. थुंबा आणि श्रीहरिकोटा या दोन्ही जागांच्या शोधात त्यांचा मोठा वाटा होता. पूर्व किनाऱ्यावर उपग्रह सोडता येईल असे स्थळ हवे, हे ठरल्यावर पाहणी झाली आणि १९६९ साली श्रीहरिकोटा निश्चित झाले. ९ ऑक्टोबर १९७१ रोजी तेथून ‘रोहिणी-१२५’ हे छोटे रॉकेट उडाले. बेटावरच्या वस्त्या हलविण्यात आल्या. सुरूची आणि निलगिरीची लागवड, कार्यशाळा, मनोरे, वसाहत असे आजचे बेट त्यानंतर उभे राहिले.

चिटणीसांविषयी मला आदरच आहे. पुढे १९७५-७६ साली हजारो खेड्यांत उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणी पोहोचविणाऱ्या ‘साइट’ प्रयोगाची धुरा त्यांनी सांभाळली. खेड्यातल्या माणसाला केंद्रस्थानी ठेवणारा तो उपक्रम होता. बेट निवडणाऱ्या पिढीला माणसांशी देणेघेणे नव्हते, असे त्यामुळे म्हणता येत नाही. पण त्या निवडीच्या कथेत विमानातून खाली पाहणारे शास्त्रज्ञ आहेत, अधिकारी आहेत. खालून वर पाहणारा यानादी मात्र नाही. त्याने विमान पाहिले असेलच. त्याला काय वाटले, ते कोणी लिहून ठेवल्याचे माझ्या वाचनात नाही.

थुंब्याचे वेगळे झाले. केरळातल्या तिरुवनंतपुरमजवळचे हे मच्छीमार गाव. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त तेथून जवळून जाते आणि सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर वाहणाऱ्या विद्युत्प्रवाहाचा अभ्यास करायला ती जागा उत्तम होती. किनाऱ्यावर सेंट मेरी मॅग्डलीनचे चर्च होते, भोवती ख्रिस्ती मच्छीमारांची घरे होती. साराभाई बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांना भेटले. बिशपांनी रविवारच्या प्रार्थनेत सर्वांसमोर विषय मांडला आणि लोकांनी संमती दिली, अशी कथा आहे. ती आपल्यापर्यंत प्रामुख्याने डॉ. कलाम यांच्या कथनातून आली आहे.

२१ नोव्हेंबर १९६३ रोजी त्या किनाऱ्यावरून अमेरिकेने दिलेले ‘नाइकी-अपाची’ उडाले. संध्याकाळच्या आकाशात सोडियमच्या वाफेचा नारिंगी ढग पसरला. बिशपांचे घर कार्यालय झाले, चर्च प्रयोगशाळा झाले; ‘अग्निपंख’ वाचलेल्यांना हे ठाऊक आहे. आज त्या चर्चमध्ये अवकाश संग्रहालय आहे आणि ते पाहता येते. किनारा आणि रॉकेट हे दोन्ही हवे असणाऱ्यांना मी तर श्रीहरिकोट्याआधी थुंब्यालाच जायला सांगेन.

चर्चमधल्या त्या रविवारच्या कथेवर मी भाबडेपणाने विश्वास ठेवत नाही. आपण इतिहासाचे विद्यार्थी आहोत. कथा कोणी सांगितली आणि कोणाचा आवाज तिच्यात आला नाही, हे पाहणे आपले काम. जाळी वाळविणाऱ्या बाईला त्या दिवशी काय वाटले, हे येथेही कळत नाही. बिशपांपुढे ‘नाही’ म्हणणे कितपत शक्य होते, हाही प्रश्न आहे. तरी एक फरक उरतोच. येथे माणसे होती हे राष्ट्राच्या स्मरणात राहिले. चर्च उभे राहिले, म्हणून गाव आठवले. श्रीहरिकोट्याच्या यानादींची झोपडी गवताची होती.

आता उल्हासनगरच्या वाचकांसाठी एक गोष्ट, जी सहसा कोणी सांगत नाही. या उपखंडातील पहिले अवकाश-संशोधन रॉकेट थुंब्याहून उडाले नाही. ते ७ जून १९६२ रोजी, म्हणजे थुंब्याच्या जवळपास दीड वर्ष आधी, कराचीच्या वायव्येला असलेल्या सोनमियानीच्या किनाऱ्यावरून उडाले. नाव ‘रहबर-१’. तेही अमेरिकेच्या सहकार्याने, तेही सोडियमच्या वाफेचा ढग सोडण्यासाठी. एकाच समुद्राच्या दोन किनाऱ्यांवर, दीड वर्षाच्या अंतराने, तोच ढग.

तुमच्यापैकी कित्येकांचे पणजोबा-पणजी त्याच कराचीतून बोटीने मुंबईला आले. आणि आले ते कोठे? कल्याणजवळच्या लष्करी छावणीत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी येथे फौजांसाठी बराकी उठविल्या होत्या. युद्ध संपले, बराकी ओस पडल्या आणि फाळणीनंतर त्यांत सुमारे एक लाख निर्वासितांची सोय करण्यात आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी या वसाहतीचे ‘उल्हासनगर’ असे नामकरण केले. तरीही आज रिक्षावाल्याला पत्ता सांगताना आपण ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर चार’ असेच म्हणतो.

घर सुटणे म्हणजे काय, हे या शहराला कोणी शिकवायची गरज नाही. आणि घर मिळाले तरी ते आपले आहे हे कागदावर सिद्ध करणे किती अवघड असते, तेही येथे सर्वांना माहीत आहे. विस्थापितांना मालकी देणारा कायदा १९५४ चा. ‘सनद’ हा शब्द पुस्तकात मध्ययुगीन वाटतो. उल्हासनगरात तो आजही चहाच्या टपरीवर ऐकू येतो.

पण येथे थांबलो तर माझाही धागा एकांगी होईल. निर्वासित आले तेव्हा बराकी रिकाम्या होत्या. बराकी बांधल्या तेव्हा मात्र जमीन रिकामी नव्हती. लष्कराने छावणी घातली ती उल्हास आणि वालधुनी या नद्यांच्या परिसरातल्या गावांच्या शिवारांवर, भातखाचरांवर, गुरचरणांवर. वालधुनीच्या काठचे अंबरनाथचे शिवालय शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चे. ज्या प्रदेशात शिलाहार राजा मम्मुणीच्या काळी असे मंदिर पूर्ण होते, तेथे नऊशे वर्षांनी कोणी ‘मोकळी जमीन’ शोधत आला, तर त्याने डोळे मिटून नकाशा पाहिला असला पाहिजे.

त्याच युद्धकाळात अंबरनाथच्या पलीकडे, मलंगगडाच्या वाटेवर, नेवाळीला विमानांसाठी धावपट्टी झाली. दीड हजार एकरांहून अधिक जमीन आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांकडून घेण्यात आली. युद्धापुरती घेतली, युद्ध संपले की परत मिळायची होती, असे शेतकऱ्यांचे म्हणणे. जमीन संरक्षण खात्याची आहे, असे सरकारचे म्हणणे. पिढ्या गेल्या, लोक त्या जमिनीत पीक काढत राहिले. पुढे नौदलाने कुंपणाची भिंत घालायला घेतली आणि २२ जून २०१७ रोजी आंदोलन भडकले. वाहने जळाली, पोलिसांनी छर्रे झाडले, माणसे जखमी झाली. बदलापूरच्या रस्त्यावर त्या दिवशी अडकलेले वाचक येथे असतील.

पोलिसांची वाहने जाळण्याचे समर्थन मी करीत नाही. परंतु त्या दिवशी समाजमाध्यमांवर ‘ओसाड धावपट्टीसाठी एवढा दंगा कशाला?’ असा प्रश्न विचारणारे आपल्याच शहरांतले होते. ती धावपट्टी कोणाच्या भातशेतीवर पसरली होती, हे त्यांना ठाऊक नव्हते. श्रीहरिकोट्यावर ‘निर्जन’ लिहिताना मलाही ठाऊक नव्हते. दोन्ही अज्ञाने एकाच जातीची.

ओडिशात मात्र एका किनाऱ्याने ‘नाही’ म्हटले. बालेश्वर जिल्ह्यातील चांदीपूर पर्यटकांना ठाऊक असते ते ओहोटीसाठी. तेथे समुद्र काही किलोमीटर मागे सरकतो आणि उघड्या पडलेल्या तळावरून चालता येते. क्षेपणास्त्र चाचण्यांचे केंद्रही तेथेच. २२ मे १९८९ रोजी ‘अग्नि’ची पहिली चाचणी तेथून झाली. परंतु त्याआधी सरकारच्या मनात होते ते त्याच जिल्ह्यातले बलियापाल. तेथे राष्ट्रीय चाचणी क्षेत्र उभारायचे आणि त्यासाठी गावेच्या गावे हलवायची, असा बेत होता.

बलियापाल हा विड्याच्या पानांचा, नारळाचा, भाताचा सुपीक पट्टा. लोकांनी गावात येणाऱ्या रस्त्यांवर अडथळे उभारले. सरकारी गाडी दिसली की शंख फुंकले जात, थाळ्या वाजविल्या जात आणि बायका-मुलांसह सारा गाव रस्त्यावर आडवा होई. हे एक-दोन दिवस नव्हे, तर १९८० च्या दशकात वर्षानुवर्षे चालले. शेवटी ते केंद्र तेथे झाले नाही. लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांसाठी किनाऱ्यापासून दूर असलेले व्हीलर बेट वापरात आले. २०१५ पासून त्याला कलामांचे नाव आहे.

गंमत पाहा. बलियापालच्या शेतकऱ्यांनी नकार दिल्याने देशाचा क्षेपणास्त्र कार्यक्रम बंद पडला नाही. अधिक शोध घ्यावा लागला आणि दुसरी जागा सापडली. ‘दुसरा पर्यायच नव्हता’ हे वाक्य इतिहासात पुन्हा पुन्हा भेटते. ते वाचले की मला बलियापालचा शंख आठवतो.

माझ्या मताविरुद्ध सर्वांत बळकट युक्तिवाद कोणता, तोही मांडायला हवा. या केंद्रांमुळे किनाऱ्यावरच्याच माणसांचे प्राण वाचले. १९९९ च्या ओडिशा चक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे गेली. २०१३ साली ‘फायलिन’ त्याच राज्यावर आदळले तेव्हा लाखो लोक आधीच हलविले गेले होते आणि मृतांचा आकडा काही डझनांत राहिला. त्यात प्रशासनाचा वाटा मोठा, पण वादळाच्या मार्गावर आकाशातून ठेवलेली नजरही त्यात आहेच. मासे कोठे सापडतील याचा उपग्रहाधारित अंदाज आज आपल्या कोळीबांधवांनाही मिळतो. यातले बरेच काही सुरूच्या त्या बनातून वर गेलेले आहे.

आणि अभिमानाचे म्हणाल, तर तो माझाही आहे. १८ जुलै १९८० रोजी ‘एसएलव्ही-३’ने श्रीहरिकोट्यावरून रोहिणी उपग्रह कक्षेत नेला, तेव्हा थुंब्याच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक पुण्याचे वसंत गोवारीकर होते; घन इंधनाचे शास्त्र भारतात रुजविणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी येते. ‘पीएसएलव्ही’च्या मोटारींची आवरणे इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरात घडतात, ‘विकास’ इंजिने विक्रोळीत. आपल्या अंबरनाथमध्ये आयुध निर्माणी आहे, नौदलासाठी पदार्थविज्ञानाचे संशोधन करणारी प्रयोगशाळा आहे. सकाळच्या लोकलने अशा कारखान्यांत जाणारी माणसे तुमच्या घरात असतील. ही माणसे मला परकी नाहीत.

म्हणून मी रॉकेटच्या बाजूने की यानादींच्या बाजूने, हा प्रश्नच मला मान्य नाही. जपानच्या तानेगाशिमा बेटावर अनेक वर्षे स्थानिक मच्छीमारांशी केलेल्या करारानुसार प्रक्षेपणे होत. मासेमारीच्या हंगामात रॉकेट थांबे आणि वर्षातले सुमारे १९० दिवसच उड्डाणाला मोकळे असत. २०११ साली हे बंधन उठले. तोवर जपानचा अवकाश कार्यक्रम कोळ्यांच्या पंचांगाने चालला आणि तरीही चालला. तेथे मच्छीमाराला हिशेबात धरले गेले होते. आपल्याकडे चांदीपूरला चाचणीच्या दिवशी आसपासच्या वस्त्यांतील लोकांना तात्पुरते हलवून भत्ता दिला जातो. म्हणजे तेथे माणसे आहेत, हे सरकार जाणते. मग पाठ्यपुस्तकात आणि आपल्या धाग्यांत ती का दिसत नाहीत?

प्रश्न जुना झालेला नाही. तमिळनाडूतील तूत्तुकुडी जिल्ह्यात कुलशेखरपट्टिनम येथे दुसरे प्रक्षेपण केंद्र होत आहे; २८ फेब्रुवारी २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. शास्त्रीय कारण चोख आहे. श्रीहरिकोट्याहून ध्रुवीय कक्षेत यान पाठवायचे तर श्रीलंका टाळण्यासाठी वळसा घ्यावा लागतो आणि त्यात इंधन जाते. छोट्या रॉकेटला ते परवडत नाही. कुलशेखरपट्टिनमहून सरळ दक्षिणेला समुद्रच आहे. तेथेही दोन हजारांहून अधिक एकर जमीन संपादित झाली. आणि पायाभरणीच्या आठवड्यात मराठीतल्या किमान तीन धाग्यांत मी ‘ओसाड किनारपट्टी’ हे शब्द वाचले.

ते लिहिणारे दुष्ट नाहीत. ‘निर्जन’ या शब्दाने वाक्य सुंदर होते, हे मला अनुभवाने ठाऊक आहे: निर्जन बेट, एकाकी मनोरा आणि आकाशात झेपावणारे यान. यानादी आले की चित्रात गर्दी होते. परंतु तेथे कोणी नव्हतेच असे एकदा ठरले, की हललेल्या माणसाला काही देणे लागतो हा विचारही उद्भवत नाही. उद्या कोणी लिहिले की कल्याणजवळची ती जमीन पडीक होती आणि बराकींत आलेले लोक कोठून तरी आले होते, तर उल्हासनगरचा एकही वाचक ते वाक्य पुढे जाऊ देणार नाही. तोच काटेकोरपणा आंध्रच्या बेटाला लावा, एवढेच मागणे आहे.

माझ्या जुन्या धाग्यातले ते वाक्य मी आज दुरुस्त केले आहे. ‘निर्जन बेट’ ऐवजी ‘यानादींच्या वस्त्या असलेले बेट’ असे आता तेथे आहे.

तर, ज्यांना जायचे आहे त्यांनी जरूर जावे. हिवाळ्यातले प्रक्षेपण निवडावे; तेव्हा पुलिकतच्या उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचे थवे असतात. ज्यांचे नाव आता केंद्राला आहे, त्या सतीश धवनांनी पक्ष्यांच्या उड्डाणावर एक आख्खे पुस्तक लिहिले आहे, हे तो रस्ता ओलांडताना आठवावे. एक दिवस जास्त काढून दक्षिणेला पुलिकत गावात जावे आणि डच दफनभूमीतले सांगाडे कोरलेले दगड पाहावेत. सुल्लुरुपेट्यात चहा पिताना बेटावर पूर्वी कोण राहत असे, हे विचारावे. मी विचारले तेव्हा टपरीवाल्याने हातातले काम थांबवून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, हा प्रश्न विचारायला इतक्या लांबून आलात?

परत आल्यावर एक काम घराजवळचे. नेवाळी आणि आसपासच्या गावांतल्या ज्या वाचकांच्या घरी १९४०च्या दशकातली जमीन घेतल्याची नोटीस, जुना सातबारा किंवा पावती असेल. उल्हासनगरच्या ज्या घरी बराकीच्या वाटपाचा कागद किंवा कराचीहून आणलेले बोटीचे तिकीट असेल. त्यांनी त्याचे उजेडात, दोन्ही बाजूंनी, छायाचित्र काढून ठेवावे. मागे पेन्सिलने काही लिहिले असेल तर तेही स्पष्ट येऊ द्यावे. पावसाळ्यात कपाटातले कागद आधी जातात. पुढचा धागा त्यांवर करू.